डास तुझ्या आधी आला: ज्यूंच्या पश्चात्तापाच्या दिवसांत सृष्टीचं काय काम?

२०२४ साली २ ऑक्टोबरला सर्वपित्री अमावास्या होती. त्याच संध्याकाळी ज्यूंचं नवं वर्ष, म्हणजे रोश हशाना, सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी आपल्याकडे घट बसले. २०२५ मध्ये पुन्हा तेच: २२ सप्टेंबरला घटस्थापना आणि त्याच दिवशी सूर्य मावळताना ज्यूंचं ५७८६ हे वर्ष लागलं. दोन्ही वर्षी आपला दसरा आणि ज्यूंचा सगळ्यांत मोठा उपवास, योम किप्पूर, एकाच तारखेला आले. यात गूढ काही नाही. दोन्ही पंचांगं महिना चंद्रावर मोजतात आणि अधूनमधून अधिक महिना घालून सूर्याशी जुळवून घेतात. ज्यूंच्या पंचांगात १९ वर्षांत ७ अधिक महिने येतात. आपला अधिक महिना आणि त्यांचा अधिक महिना मागेपुढे झाला की रोश हशाना गणपतीच्या तोंडावर येतो, २०२३ मध्ये आला होता तसा.

म्हणजे आपल्याकडे पितृपंधरवडा आणि नवरात्र चालू असतं, त्याच सुमारास जगभरचे ज्यू एका वेगळ्या कामात गुंतलेले असतात. एलुल हा वर्षाचा शेवटचा महिना (सणांच्या हिशोबाने शेवटचा, बायबलमधली महिन्यांची मोजणी वेगळ्या ठिकाणी सुरू होते). एलुल लागला की वर्षभरात आपण कसे वागलो याचा हिशोब मांडायला सुरुवात होते. मग तिश्री महिन्याच्या १ आणि २ तारखेला रोश हशाना, आणि १० तारखेला योम किप्पूर. एलुल लागण्याच्या आदल्या दिवसापासून योम किप्पूरपर्यंत ४० दिवस होतात. ज्यूंचा पुढारी मोशे देवाच्या दहा आज्ञांच्या दगडी पाट्या दुसऱ्यांदा आणायला सीनाय पर्वतावर गेला तेव्हा तो इतकेच दिवस वर होता, असं परंपरा सांगते. पहिल्या पाट्या त्याने फोडल्या होत्या, कारण खाली लोक सोन्याच्या वासराभोवती नाचत होते. या ४० दिवसांच्या मुळाशी एक मोठी चूक आणि तिची माफी आहे.

इथवर समजायला सोपं आहे. चुका आठवायच्या, माफी मागायची, नवं वर्ष स्वच्छ मनाने सुरू करायचं. पण रोश हशानाच्या प्रार्थना उघडून बघितल्या की एक गोष्ट खटकते. दुपारच्या आधीच्या मोठ्या प्रार्थनेत शिंग फुंकलं जातं आणि लगेच सगळे म्हणतात, “आज जग जन्माला आलं.” पाठोपाठ न्यायाची गोष्ट येते: आज सगळे जीव देवापुढे उभे आहेत. जगाचा वाढदिवस आणि न्यायालयाची तारीख एकाच दिवशी का? पापपुण्याच्या हिशोबात आकाश, समुद्र आणि तारे कुठून आले? माझ्या मते या संपूर्ण काळाची किल्ली या प्रश्नात आहे. ती हातात आली नाही, तर हे दिवस नुसते अपराधी वाटून घेण्याचे दिवस वाटत राहतात.

सहावा दिवस

मिद्राश नावाचं ज्यूंचं जुनं टीकासाहित्य आहे. तोरातल्या (बायबलची पहिली पाच पुस्तकं) ओळींच्या आजूबाजूला पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या कथा आणि अर्थ त्यात आहेत. त्यातलं एक मत असं, की जग घडायला सुरुवात झाली ती एलुलच्या २५ तारखेला. एलुल २९ दिवसांचा असतो. दिवस मोजत गेलं तर तिश्रीची पहिली तारीख हा सृष्टीचा सहावा दिवस येतो, आणि उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाप्रमाणे सहाव्या दिवशी माणूस घडला. तर जगाचा म्हणून जो वाढदिवस साजरा होतो, तो खरा माणसाचा आहे.

हा मिद्राश पुढे त्या एका दिवसाचे तास मोजतो. पहिल्या तासाला माणूस घडवण्याचा विचार मनात आला, मग माती गोळा झाली, मळली गेली, आकार आला, श्वास फुंकला गेला. दहाव्या तासाला त्याने मनाई मोडली. अकराव्या तासाला त्याचा न्याय झाला. बाराव्या तासाला त्याला क्षमा मिळाली. आणि देव त्या पहिल्या माणसाला, आदामला, म्हणाला, “तुझ्या मुलांसाठी ही खूण असू दे. आज तू माझ्यापुढे उभा राहिलास आणि सुटून बाहेर पडलास, तसेच तेही याच दिवशी सुटतील.” जन्म, चूक, न्याय आणि क्षमा, सगळं एका दिवसात. वाढदिवस आणि न्यायाचा दिवस एकत्र का, याचं उत्तर इथे मिळतं: या कथेत माणूस एक दिवसही चुकीशिवाय जगलेला नाही आणि क्षमेशिवायही नाही.

मग तालमूद (धर्मशास्त्रावरच्या चर्चांचा प्रचंड ग्रंथ) आणखी एक प्रश्न विचारतो. माणूस सगळ्यांत शेवटी, शब्बाथच्या (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) अगदी आदल्या सांजेला का घडवला? उत्तरं एकामागून एक दिली आहेत आणि त्यातली दोन शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. एक म्हणजे, माणसाच्या डोक्यात हवा गेली तर त्याला सांगता यावं, की बाबा रे, सृष्टीच्या क्रमात डास तुझ्या आधी आला. दुसरं म्हणजे, त्याने आल्याबरोबर जेवायला बसावं. राजा महाल बांधतो, सजवतो, पंगत मांडतो आणि मग पाहुण्यांना आत बोलावतो, तसं.

मला हे फार आवडतं, कारण एकाच वस्तुस्थितीचे हे दोन अर्थ आहेत. तू शेवटी आलास, म्हणून तू डासाच्याही मागे आहेस. तू शेवटी आलास, म्हणून सगळी तयारी तुझ्यासाठी झालेली आहे. तालमूद यातलं एक निवडत नाही, दोन्ही ठेवतो. आजचं विज्ञानही क्रमाच्या बाबतीत डासाच्याच बाजूने आहे. अंबरमध्ये अडकलेले डास १० कोटी वर्षांपेक्षा जुने सापडले आहेत. आपली जात पृथ्वीवर आहे साधारण ३ लाख वर्षं.

विज्ञानाचा विषय निघाला आहे तर ५७८६ या आकड्याबद्दलही बोलून घेऊ, कारण तो पाहून पुष्कळांच्या भुवया उंचावतात. बायबलमधल्या पिढ्या आणि आयुर्मानं यांची बेरीज करून प्राचीन विद्वानांनी ही गणना बसवली. आज अनेक ज्यू हा आकडा पंचांगाचा म्हणून वापरतात आणि विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं आहे हेही मानतात. १२व्या शतकात मायमोनिडीस या ज्यू विद्वानाने लिहून ठेवलं आहे, की एखादी गोष्ट पुराव्याने सिद्ध झाली तर धर्मग्रंथातल्या ओळींचा लाक्षणिक अर्थ लावण्याची दारं बंद नाहीत. सगळेच ज्यू हे मानतात असं नाही. पण रोश हशानाचा गाभा वर्षांच्या संख्येत नाही. जग आहे, ते नसूही शकलं असतं, आणि मी त्यात आलो, हे मनाला जाणवणं हा त्याचा गाभा.

आश्चर्य आधी, पश्चात्ताप नंतर

मायमोनिडीस (११३८–१२०४) स्पेनमधल्या कोर्दोबाचा. पुढे तो इजिप्तमध्ये वैद्य झाला आणि ज्यू धर्मशास्त्राचा सर्वांत मोठा संहिताकार ठरला. त्याच्या संहितेच्या सुरुवातीलाच तो विचारतो, देवावर प्रेम करायचं आणि त्याचा धाकही बाळगायचा, हे माणसाला जमावं कसं? उत्तर तो पुस्तकात शोधायला सांगत नाही, सृष्टीकडे बोट दाखवतो. माणूस या अफाट, अद्भुत रचनेचा विचार करतो तेव्हा त्याच्या मनात त्याच क्षणी प्रेम उमटतं, स्तुती करावीशी वाटते, जाणून घेण्याची तहान लागते. आणि त्याच गोष्टींचा विचार चालू असताना तो एकदम दचकून मागे सरतो. त्याला कळतं, की आपण एक छोटासा, अंधारा जीव आहोत आणि पूर्ण ज्ञानापुढे आपल्या इवल्याशा बुद्धीनिशी उभे आहोत. ओढ आणि धाक एकाच दृश्यातून येतात. इथे तो बायबलमधल्या आठव्या स्तोत्राचा आधार देतो: तुझं आकाश, तुझ्या बोटांची करणी, तू मांडलेले चंद्र-तारे पाहतो तेव्हा वाटतं, माणूस तो काय, की तू त्याची आठवण ठेवावीस? त्या स्तोत्राची पुढची ओळही विसरू नये. तीत म्हटलं आहे, की तू त्याला देवदूतांपेक्षा थोडाच उणा केलास.

त्याच्याही शंभरेक वर्षं आधी, ११व्या शतकात, स्पेनमध्येच बहया इब्न पाकुदाने अंतःकरणाच्या कर्तव्यांवर अरबी भाषेत ग्रंथ लिहिला. त्याचे दहा भाग आहेत, त्यांना तो ‘दारं’ म्हणतो. दुसरं दार सृष्टीच्या निरीक्षणाचं, सहावं नम्रतेचं आणि सातवं पश्चात्तापाचं. हा क्रम सहज लागलेला नाही. नम्रता हे पश्चात्तापाचं मूळ आहे, म्हणून ती आधी यायला हवी, असं त्याचं सांगणं. ज्याला आपण जगाच्या मधोमध बसलो आहोत असं वाटतं, त्याला आपली चूक दिसतच नाही. दिसली तरी तिचं खापर फोडायला त्याच्यापाशी दुसरं डोकं तयार असतं.

हे आश्चर्य वाटण्यासाठी हिमालयात जावं लागत नाही. ज्यू परंपरेने ते रोजच्या वेळापत्रकात बसवून टाकलं आहे. वीज चमकली की म्हणायचं एक छोटं वाक्य आहे, इंद्रधनुष्य दिसलं की दुसरं, खूप दिवसांनी समुद्र दिसला की आणखी एक. आणि एक प्रार्थना आहे शौचाला जाऊन आल्यावर, हात धुतल्यावर म्हणायची. तिचा आशय साधारण असा: धन्य तो, ज्याने माणसाला शहाणपणाने घडवलं आणि त्याच्यात छिद्रं न्‌ छिद्रं, पोकळ्या न्‌ पोकळ्या निर्माण केल्या, तुझ्या सिंहासनापुढे हे उघड आहे, की यातलं एक जरी फुटलं किंवा एक जरी बुजलं, तर तुझ्यापुढे उभं राहणं शक्य होणार नाही.

ज्याच्या घरात कुणाचं मूत्रपिंड बिघडलं आहे, बायपास झाली आहे किंवा ऑपरेशननंतर डॉक्टर ‘गॅस पास झाला का’ म्हणून विचारत बसले आहेत, त्याला या ओळी समजावून सांगाव्या लागत नाहीत. ही प्रार्थना दिवसातून कितीतरी वेळा म्हणायची असते. राजा असो, रब्बी (धर्मगुरू) असो, पाच वर्षांचं पोर असो, शब्द तेच. आपलं उभं राहणं किती नाजूक गोष्टींवर टेकलं आहे याची आठवण देणारं स्तोत्र देवळाच्या गाभाऱ्यात न ठेवता न्हाणीघराच्या दाराशी ठेवावं, ही मला मोठी धीट गोष्ट वाटते.

आणि बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक. ईयोबावर संकटं कोसळतात, तो देवाला जाब विचारतो. देव वादळातून उत्तर देतो, पण ते उत्तर म्हणजे प्रश्नांचा भडिमार आहे: मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? हिमाची कोठारं तू पाहिलीस का? डोंगरातल्या रानबकऱ्या कधी वितात तुला ठाऊक आहे? एका ओळीत तर जिथे माणूसच नाही अशा ओसाड जमिनीवर पाऊस पाडणाऱ्याबद्दल विचारलं आहे. तो पाऊस कुणाच्या शेतासाठी नाही, कुणाच्या धरणासाठी नाही. आपला काहीच संबंध नसलेला पाऊसही देवाला महत्त्वाचा वाटतो, हे ऐकल्यावर ईयोब तोंडावर हात ठेवतो. मिश्नामध्ये (तालमूदचा हा पाया, साधारण इ.स. २०० च्या सुमारास संकलित झाला) नोंद आहे, की जेरुसलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा योम किप्पूरच्या आदल्या रात्री महायाजकाला झोपू देत नसत आणि त्याला जी पुस्तकं वाचून दाखवत त्यांत ईयोबाचं नाव पहिलं आहे.

नम्र म्हणजे गप्प नव्हे

आपल्याकडेही नम्रता म्हटलं की मान खाली घातलेला, ‘मी काय, मी तर पामर’ म्हणणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. ज्यू परंपरेतली उदाहरणं तशी नाहीत.

ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम म्हणतो, “मी तर धूळ आणि राख.” हे वाक्य फार प्रसिद्ध आहे, पण तो ते कधी म्हणतो हे पाहायला हवं. देव सदोम नगरी नष्ट करायला निघाला आहे आणि अब्राहाम त्याच्याशी घासाघीस करतो आहे: पन्नास भली माणसं सापडली तर? पंचेचाळीस? चाळीस? असं करत तो दहापर्यंत येतो. स्वतःला धूळ म्हणणारा हा माणूस परक्या गावासाठी साक्षात देवापुढे वाद घालतो आहे. स्वतःसाठी तो काहीच मागत नाही. पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांत अत्यंत नम्र, असं तोरा ज्याला म्हणते तो मोशेही इजिप्तच्या राजाच्या, फारोच्या, दरबारात उभा राहिलेला माणूस आहे.

दुसरीकडे मिश्नामध्ये असंही आहे, की प्रत्येकाने म्हणावं, “माझ्यासाठी जग निर्माण झालं.” ऐकायला गर्विष्ठ वाटतं. पण हे वाक्य न्यायालयातलं आहे. देहदंडाच्या खटल्यात साक्ष द्यायला आलेल्यांना न्यायाधीश बजावून सांगत, त्या भाषणाचा हा भाग. माणूस एकटाच का घडवला गेला? एक जीव घेणाऱ्याने सगळं जग बुडवलं आणि एक जीव वाचवणाऱ्याने सगळं जग वाचवलं, हे कळावं म्हणून. कुणी कुणाला ‘माझा बाप तुझ्या बापापेक्षा मोठा’ म्हणू नये म्हणून. माणसाचा राजा एका साच्यातून नाणी पाडतो ती सगळी सारखी निघतात. राजांचा राजा प्रत्येकाला आदामच्या साच्यातून काढतो, तरी एक दुसऱ्यासारखा नसतो. म्हणून प्रत्येकाने म्हणावं, जग माझ्यासाठी आहे. अर्थात समोर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेलाही हेच म्हणू शकतो, आणि साक्षीदाराला नेमकं हेच उमगायला हवं असतं.

पोलंडमधल्या पशिस्खा गावचे हसिदी (भक्तीवर भर देणाऱ्या ज्यू पंथाचे) गुरू रब्बी सिम्हा बुनिम (१७६५–१८२७) यांनी ही दोन वाक्यं एकत्र बांधली. माणसाला दोन खिसे हवेत, असं ते सांगत. एकात ‘माझ्यासाठी जग निर्माण झालं’ अशी चिठ्ठी, दुसऱ्यात ‘मी धूळ आणि राख’ अशी. जशी गरज पडेल तसा हात घालावा. बहुतेक लोक चुकीच्या वेळी चुकीच्या खिशात हात घालतात, अशी भर या शिकवणीत नंतर पडली, आणि मला ती अगदी पटते. भांडणात आपण नेमके पहिल्या खिशात हात घालतो आणि जबाबदारी घ्यायची वेळ आली की दुसऱ्या.

१६व्या शतकात आजच्या इस्राएलच्या उत्तरेला, गालीलातल्या ‘सफेद’ नावाच्या गावी इसाक लुरिया या गूढवाद्याने तर ही गोष्ट थेट देवापर्यंत नेली. सगळीकडे देवच होता तर जगाला जागा कुठून मिळाली? लुरिया म्हणतो, देवाने स्वतःला आक्रसून घेतलं, मोकळी जागा केली आणि तिथे जग घडलं. हे पटो न पटो, यातून नम्रतेची एक व्याख्या मिळते: दुसऱ्यासाठी थोडं मागे सरकणं.

शिंग

आता शोफार. मेंढ्याचं शिंग आतला हाडाचा गाभा काढून पोकळ करतात, टोक कापून भोक पाडतात, झालं. पिपाणीसारखी जिभली नाही, बासरीसारखी भोकं नाहीत. ओठ दाबून फुंकायचं. नीट बसलं तर रानातल्या हाकेसारखा आवाज निघतो, नाही तर नुसती हवा जाते. अनुभवी माणसाचीही फुंक कधी वाया जाते आणि सगळं सभास्थान (ज्यूंचं प्रार्थनाघर) श्वास रोखून वाट बघतं. आवाज तीन प्रकारचे: एक लांब सरळ, एक तीन तुटक हुंदक्यांसारखा, एक अगदी छोट्या छोट्या ठोक्यांचा. पुष्कळ ठिकाणी रोश हशानाच्या एका दिवसात असे १०० आवाज होतात. पहिला दिवस शनिवारी आला तर परंपरा पाळणारे त्या दिवशी शोफार वाजवत नाहीत, शब्बाथचा मान मोठा.

त्याचे नियम वाचण्यासारखे आहेत. गाईबैलाचं शिंग चालत नाही, कारण सोन्याचं वासरू आठवतं. फुटक्या शिंगांचे तुकडे चिकटवून केलेलं चालत नाही. ओठ लागतात तिथे सोन्याचा पत्रा असेल तर तेही बाद. शिंग सरळ असावं की वाकडं, यावर तालमूदमध्ये चर्चा आहे, आणि वाकडं असावं म्हणणाऱ्यांचं कारण असं, की या दिवशी माणूस मनाने जितका वाकेल तितका बरा. मंदिराच्या काळात महायाजकही एरवी सोनं लावलेली वस्त्रं घालायचा, पण योम किप्पूरला परमपवित्र स्थानात जाताना ती उतरवून साधा पांढरा तागाचा पोशाख घालायचा. माफी मागायला जाताना अंगावर सोनं नको.

मायमोनिडीस म्हणतो, शोफार वाजवणं ही तोराची आज्ञा आहे, तिला कारण विचारायचं नाही, पण तीत एक सूचना दडली आहे: झोपलेल्यांनो, जागे व्हा. मग तो लिहितो, की माणसाने वर्षभर स्वतःकडे असं बघावं, जणू त्याचं पाप आणि पुण्य अगदी समसमान आहे, आणि सगळ्या जगाचंही तसंच समसमान आहे. त्याने एक चुकीची गोष्ट केली तर तो स्वतःला आणि सगळ्या जगाला त्या बाजूला झुकवतो, एक चांगली केली तर या बाजूला. सृष्टीपुढे ‘छोटासा, अंधारा जीव’ असलेला हाच माणूस, आणि त्याच्या एका कृतीवर जगाचं पारडं. दोन्ही खिसे इथेही आहेतच.

माणसापाशी

आश्चर्य आणि नम्रता इथवर आली, की परंपरा तुम्हाला आकाशाकडून शेजाऱ्याच्या दाराकडे वळवते. मिश्नाचा नियम रोखठोक आहे: देवाशी केलेल्या चुका योम किप्पूरला माफ होतात, माणसाशी केलेल्या, त्या माणसाची समजूत काढेपर्यंत होत नाहीत. दिवसभर उपाशी राहा, छाती बडवा, उपयोग नाही. पैसे बुडवले असतील तर आधी परत करा, मग तोंडाने माफी मागा. मायमोनिडीस पायऱ्या सांगतो. तो माफ करत नसेल तर तीन माणसं सोबत नेऊन विनवा, तरी नाही तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. त्यानंतरही तो अडून बसला तर दोष त्याचा. तो माणूस वारला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीपाशी जा आणि काय केलं ते बोला. आणि ज्याला आपली चूक कबूल करायला गर्व आडवा येतो, झाकायची असते, त्याचा पश्चात्ताप अपुरा.

योम किप्पूरच्या उपवासाला सुमारे २५ तास पाणीसुद्धा चालत नाही. चामड्याची पादत्राणं नाहीत. पापांची कबुली अनेकवचनी असते: ‘आम्ही’ खोटं बोललो, ‘आम्ही’ कठोर झालो. दुपार कलली, पोटात आग पडली, डोकं दुखायला लागलं, की योनाचं पुस्तक वाचतात.

योना संदेष्टा. निनवे शहरात जाऊन तिथल्या दुष्ट लोकांना इशारा दे, असं देव सांगतो आणि तो उलट्या दिशेला जहाजात बसतो. वादळ देवाचं ऐकतं, त्याला गिळणारा मासा ऐकतो, पुढे एक वेल ऐकते, किडा ऐकतो, वारा ऐकतो. सगळ्या गोष्टीत पळतो तो एकटा संदेष्टा. शेवटी तो जातो, निनवेचे लोक सुधारतात, राजा राखेत बसतो, देव शिक्षा रद्द करतो. आणि योना रुसतो! आपला शब्द खोटा पडला म्हणून. तो गावाबाहेर जाऊन बसतो, देव त्याच्यावर सावली धरायला एक वेल उगवतो, दुसऱ्या दिवशी किडा ती खाऊन टाकतो, योना उन्हात कळवळतो. तेव्हा देव म्हणतो, जिच्यासाठी तू कष्ट केले नाहीस, जी एका रात्रीत आली न्‌ एका रात्रीत गेली, त्या वेलीची तुला कीव आली. मग ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं जिथे आहेत, शिवाय पुष्कळ गुरंढोरं, त्या निनवेची मला कीव येऊ नये? पुस्तक या प्रश्नावर थांबतं. योनाचं उत्तर दिलेलंच नाही. गुरंढोरं त्या यादीत आहेत हे मला नेहमी थबकवतं. उपाशी माणसांना, माफीच्या शेवटच्या तासांत, देव आठवण देतो ती दुसऱ्या गावच्या जनावरांची.

कोकणातला योम किप्पूर

मराठी माणसाला हे सगळं इतकं परकं नाही, कारण शेकडो वर्षं ते आपल्या शेजारी मराठीत घडत आलं आहे. बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजाच्या आठवणीप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. हिब्रू ग्रंथ जवळ नव्हते, पण सण होते आणि त्यांना मराठी नावं होती. रोश हशाना हा ‘नव्याचा सण’. योम किप्पूर हा ‘दार फाळण्याचा सण’: पांढरे कपडे घालून, कडक उपास धरून, दारं लावून घरात राहायचं. एलुलमधल्या उपासांना शेजारच्या मुसलमानांचा शब्द घेऊन ‘रमजान’ म्हणत. योम किप्पूरच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’, त्या दिवशी दानधर्म आणि एकमेकांकडे जाणं-येणं.

१७९६ मध्ये मुंबईत सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी या समाजाचं पहिलं सभास्थान बांधलं आणि प्रार्थनाविधी पुढे बहुतांशी सेफार्दी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंच्या) वळणाचा झाला. सेफार्दी प्रथेत एलुलभर पहाटे उठून क्षमायाचनेची गाणी म्हणतात. त्यातलं एक माणसाला विचारतं, अरे आदामच्या पोरा, झोपलास काय? रोश हशानाच्या दुपारी वाहत्या पाण्याकाठी किंवा समुद्राकाठी जाऊन ‘आमची पापं समुद्राच्या तळाशी टाक’ ही मीखा संदेष्ट्याची ओळ म्हणायची प्रथा मुंबईत किनाऱ्यावर आजही पाळली जाते. १९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्राएल कुटुंबं इस्राएलला गेली. भारतात आता काही हजार ज्यू उरले आहेत. अलिबाग, पुणे, ठाणे, भायखळा इथली सभास्थानं या दिवसांत भरतात.

तुमच्या ओळखीत असं एखादं कुटुंब असेल तर रोश हशानाला ‘शाना तोवा’ म्हणा. घरी गेलात तर सफरचंद आणि मध पुढे येईल, नको म्हणू नका. योम किप्पूरच्या आदल्या दिवशी ‘उपास सोपा जावो’ म्हणालात तर त्यांना बरं वाटेल. सभास्थान बघायला जायचं असेल तर रोश हशाना ते योम किप्पूर हे दहा दिवस सोडून जा, आधी विचारून जा. सणाच्या दिवशी आत फोटो काढू देत नाहीत. पुरुषांनी डोकं झाकायला रुमाल किंवा टोपी जवळ ठेवावी. आणि कुणी या दिवसांत येऊन ‘वर्षभरात माझं काही चुकलं असेल तर माफ कर’ म्हणालं, तर ‘छे, छे, काहीच नाही’ म्हणून उडवून लावू नका. खरंच काही सलत असेल तर तेव्हाच सांगा.